आंब्याच्या खोलीतली फुलं

२० एप्रिल, सोमवार

बोनकोड्याची ऑर्डर मिळाली. तारीख दोनदा खोडून परत लिहिली. आनंदाने की भीतीने? बहुधा भीतीनेच.

कुंदनशेठच्या मुलीचं, रंजिताचं लग्न आठ मेला आहे. मांडव, स्टेज, नवरीची बैठक, सगळी फुलं माझी. आतापर्यंत मी केलं काय, तर दोन बारशी, एक डोहाळजेवण आणि अश्विनच्या साहेबांच्या निरोपाचे चार गुच्छ. रंजिताने मोबाइलवर फोटो दाखवले. सगळं पांढरं आणि फिकट पीच, कार्नेशन आणि ऑर्किड. "ताई, डिट्टो असंच पायजे," म्हणाली. मी अगदी रोज असले मांडव उभे करत असल्यासारखी "होऊन जाईल" म्हणाले. घरी आल्यावर बाथरूमचं दार लावून पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

आणि महाप्याच्या जुन्या ऑफिसातल्या मॅडमचा मेलही नेमका आजच यायचा होता. सात वर्षं मी तिथे लोकांच्या विम्याचे फॉर्म तपासले. जागा रिकामी झाली आहे, परत येतेस का, असं विचारलंय. मी आठ मेपर्यंत मुदत मागितली. त्यांनी दिली, संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी घेणार.

अश्विन म्हणाला, "लग्न नीट झालं तर जाऊ नको. फसलं तर जा. सिंपल आहे." त्याला सगळं सिंपल असतं. हे बोलून दोन मिनिटांत घोरायलाही लागला.

२५ एप्रिल

बोनकोड्याला जाऊन मापं घेतली. चार मजली घर, खाली पार्किंग, पुढे मांडवाची जागा. सतरा मेपासून अधिक महिना लागतोय, त्यामुळे गावात दर दुसऱ्या घरी मांडव पडलाय.

दारातच कुंदनशेठची आई भेटली, पुतळाबाई. ठेंगणी, काळी, हातात हिरवा चुडा, नजर अशी की भाजीसुद्धा घाबरून ताजी राहावी. पहिलाच प्रश्न: "गाव कंचा तुजा? आरनाव काय?"

फेब्रुवारीत एका घरी वास्तुशांतीचं काम होतं. तिथल्या बाईंनी आडनाव विचारलं आणि मग गोड आवाजात म्हणाल्या, "देवघराचं तोरण आमचं आम्ही करू हं, तुम्ही फक्त बाहेरचं बघा." रात्रभर बसून ओवलेलं ते तोरण मी पिशवीतून परत आणलं. तेव्हापासून हा प्रश्न आला की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, ते खोटं नाही.

"गाव गुहागरकडचं. कांबळे," मी म्हणाले.

"हां," म्हणाली आणि आत निघून गेली. नुसतं "हां". ह्या "हां"चा मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

कुंदनशेठ मात्र मोकळा माणूस. पार्किंगच्या मागची खोली उघडून दिली. "ताई, टेन्शन नाय घ्यायचा. ही रूम तुमची. एसी हाय, कुलूप हाय. अजून काय पायजे?" अजून काहीच नको होतं. दादरहून आणलेली फुलं दोन दिवस ठेवायची कुठे, या काळजीने माझी आठवडाभर झोप उडाली होती. ती मिटली.

१ मे

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात निशिगंध आणि पांढरी शेवंती मांडली. तिथे मला कधी भीती वाटत नाही. तिथे कोणी फोटो दाखवून डिट्टो मागत नाही, म्हणून असेल.

बारा कार्नेशनवर केलेला प्रयोग पास झाला. नीट लिहून ठेवते, ऐन वेळी गोंधळ नको. बादली आधी साबणाने घासायची. देठ दोन पेरांच्या मधे, पाण्याखाली धरून तिरका कापायचा. पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची, नाहीतर पाणी कुजतं. चिमूटभर साखर, थेंबभर ब्लीच. मग थंडी आणि अंधार. माझी बारा फुलं पाच दिवस फ्रिजमध्ये होती, आजही टवटवीत आहेत.

केळी आणि चिकू फ्रिजमधून बाहेर काढले होते. वाशीला फुलांचा कोर्स केला तिथल्या मॅडमनी फळं जवळ नकोत असं सांगितलं होतं. फुलांना वास लागत असेल. अश्विन म्हणाला, "फुलं एसीत आणि केळी घामात. या घरात माझा नंबर कितवा?"

३ मे

काहीच घडलं नाही आणि दिवसभर चैन नाही. फुलवाल्याला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्याने उचललाच नाही.

५ मे

फुलं आली! सहाशे कार्नेशन, दीडशे ऑर्किडच्या काड्या. मी आणि सगुणाबाई (आमच्या सोसायटीत पोळ्या करते, आता तीन दिवस माझी मदतनीस) दुपारी तीनपासून देठ कापत होतो. चौदा बादल्या भरल्या. एकही कळी मोडली नाही.

खोलीत आज सोबत आहे. वऱ्हाडाच्या आमरसासाठी कुंदनशेठने हापूसच्या पेट्या आणल्यात. अर्ध्या खोलीत पेंढा पसरून पुतळाबाईंनी आढी घातली आहे. दार उघडलं की असा घमघमाट येतो, की थकवाच गेला. सगुणाबाईला म्हटलं, बघ, फुलांनाही लग्नघर मिळालं.

बादल्या लावत होते तेवढ्यात म्हातारी दारात उभी. "फुला हितं नको ठेवू, पोरी. आंब्याचे खोलीन नको. भायेर ठेव."

"आजी, बाहेर गरम आहे."

"भायेर सावलीन ठेव. आढीजवल नको सांगतंय ना तुना."

तेवढ्यात कुंदनशेठ आला. "आई, तू मधे पडू नको. ताईंनी कोर्स केलाय वाशीला." म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि गेली.

मला कळायचं ते कळलं. वऱ्हाड जे आंबे खाणार, त्यांच्याशेजारी कांबळ्यांच्या बादल्या नकोत. तोंडावर बोलली नाही एवढंच. मला रडू आलं नाही, राग आला. मी चौदाच्या चौदा बादल्या आतच ठेवल्या आणि एसी अठरावर केला.

६ मे

सकाळी जाऊन बघते तर नऊ बादल्या खोलीबाहेर, जिन्याखाली! वरून ओली गोणपाटं टाकलेली. मे महिना आणि माझी ऑर्किडं गोणपाटाखाली! विचारायची गरजच नव्हती. पुतळाबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती.

भांडले नाही. लग्नघर आहे. सगुणाबाईच्या मदतीने बादल्या परत आत नेल्या, कुंदनशेठकडून किल्ली मागून घेतली आणि बाहेरून कुलूप लावलं. आत्ता ती माझ्या पर्समध्ये आहे. किल्ली जवळ असल्याने इतकं बरं वाटतंय की लाज वाटावी.

मोजल्या तर बाराच भरल्या. दोन बादल्या कुठेतरी गेल्यात. उद्या शोधते.

कार्नेशन जरा मिटल्यासारखी वाटली. थंडीने असेल.

७ मे, दुपारी

कुलूप काढलं आणि दिवा लावला.

कार्नेशन झोपली आहेत. सगळी. पाकळ्या आत वळून चुरगळलेल्या. ऑर्किडच्या काड्यांखाली फुलांचा सडा, काडीवर तीन-चार उरलेली. उद्या दुपारी साडेबाराचा मुहूर्त आणि माझ्यासमोर चाळीस तासांत म्हातारी झालेली पाचशे फुलं. आंब्यांचा वास इतका की दार उघडंच ठेवलं.

कुंदनशेठ, त्याचे मेहुणे हिरामणशेठ आणि गावचे चार-पाच पुरुष मांडवात उभे होते. हिरामणशेठ कालच म्हणाले होते, "आमच्या पार्थचे लग्नाला पन ह्याच ताई." मी त्या सगळ्यांसमोर गेले आणि तोंडातून निघून गेलं: "माझ्या बादल्या काल कोणीतरी बाहेर गरमीत काढून ठेवल्या. फुलं गेली."

"कोनी?" कुंदनशेठने विचारलं.

मी नाव घेतलं नाही. फक्त ओट्याकडे बघितलं. नाव न घेण्याचं पुण्य मी पदरात पाडून घेतलं, हे आत्ता लिहिताना कळतंय.

कुंदनशेठ ओट्यापाशी जाऊन ओरडला. लग्नाचं घर, सगळे बघत होते. "तुला किती वेळा सांगितला, कशाला हात लावू नको! नातीचे लग्नाचा सत्यानाश करायचा हाय का? वर जाऊन बस. लग्न होईपर्यंत खाली उतरू नको." म्हातारीने लसणाचं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जिना चढून गेली.

मला वाटलं बरं झालं. खरंच वाटलं.

७ मे, संध्याकाळी पाच

फुलवाल्याचा फोन लागला. म्हटलं, माल खराब दिलात. तो म्हणाला, "मॅडम, एकाच लॉटचा माल आज तीन ठिकाणी लागलाय, सगळीकडे फर्स्ट क्लास. ठेवला कुठे होता?" सांगितलं. "खोलीत फळं होती का?"

मी म्हटलं, आंबे. आढी.

तो हसला नाही, हेच वाईट. म्हणाला, "पिकत्या आंब्याची वाफ सुटते, मॅडम. बंद खोलीत तर फुलं उभी राहतच नाहीत. कोर्समध्ये सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. वही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून: फळं लांब. घरी मी केळी बाहेर काढली आणि इथे दोनशे आंब्यांच्या मांडीवर फुलं नेऊन ठेवली. एक म्हातारी दारात उभी राहून ओरडून सांगत होती, आणि मला माझं आडनाव ऐकू येत होतं.

मग त्या दोन बादल्याही सापडल्या. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. आत शंभर कार्नेशन आणि वीस ऑर्किड. एकूण एक उमललेली, टवटवीत. कोणीतरी पाणीसुद्धा बदललं होतं.

फुलवाला पहाटे जरबेरा, निशिगंध आणि पांढरे गुलाब पाठवतो म्हणालाय. मांडव उभा राहील. डिट्टो नाही, पण राहील.

आता मी जाऊन सांगायला पाहिजे. हळद रात्री आठ वाजता आहे. कुंदनशेठ पाहुण्यांत आहे, हिरामणशेठ शेजारी बसलेत. आत्ता सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. उद्या सांगितलं तर काय फरक पडतो? मांडव आधी नीट करून दाखवते, मग सांगते. हेच शहाणपणाचं आहे.

८ मे, सकाळी सहा

शहाणपणाचं नव्हतं.

काल हळदीला धवलारीण बायजाबाई आली होती. आगरी लग्नात तिच्या गाण्याशिवाय पान हलत नाही. रंजिता पिवळी साडी नेसून पाटावर बसली, हळदीची वाटी आली. बायजाबाई गाणं सुरू करेना. "पुतलाबाय कंय हाय? पयली हलद आजीची."

कुंदनशेठ म्हणाला, "तिची तब्येत नाय. चालू कर."

"तब्येत सकाली बरी व्हती," बायजाबाई म्हणाली. परत तेच विचारलं. परत तेच उत्तर. शेवटी रंजिताच्या आत्याने पहिली हळद लावली आणि गाणं सुरू झालं. रंजिता दोनदा मान वळवून जिन्याकडे बघत होती.

मी हळदीसाठीच्या झेंडूच्या माळा हातात घेऊन खांबामागे उभी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर माळा ओवत होता. पाचला सांगितलं असतं तर म्हातारी आठला पाटासमोर असती. एवढाच फरक पडत होता.

९ मे

काल सकाळनंतर लिहायला वेळ मिळाला नाही. आज सगळं क्रमाने लिहिते.

मांडव अकराला तयार झाला. जरबेरा आणि गुलाब खांबांना, निशिगंध वरून, आणि पुतळाबाईंनी वाचवलेली सगळी कार्नेशन-ऑर्किड नवरीच्या बैठकीला. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं. कुंदनशेठ पाठीवर थाप मारल्यासारखं म्हणाला, "बघा, म्हनालो ना टेन्शन नाय घ्यायचा." हिरामणशेठने पार्थच्या लग्नाची तारीखही सांगितली.

मी वर गेले. पुतळाबाई खिडकीशी बसली होती. नवं लुगडं नेसलेलं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. तयार होऊन बसली होती आणि खाली जाता येत नव्हतं. मी पाय धरले. सगळं सांगितलं, आडनावाचंसुद्धा. ते सांगताना मला माझीच कीव आली.

तिने पाय मागे घेतले. "आमी ठान्याला मोगरा इकायचो. आंब्याचे पाटीन मोगरा ठेवला का पोचेपरत काला. पोरांनापन ठाव व्हता तवा." मग म्हणाली, "आरनाव तर मी सगल्यांनाच इचारतंय."

"चुकलं माझं, आजी."

"मना कला सांगतंस? जेंचे समोर बोललीस, तेंना सांग."

जिना उतरताना मी पायऱ्या मोजत होते. सोळा. एकेका पायरीवर एकेक कारण सुचत होतं. वरात गेटाशी आली आहे. लग्नानंतर सांगू. फोन करून सांगू. चिठ्ठी लिहू. कुंदनशेठ, हिरामणशेठ आणि ती आदल्या दिवशीचीच माणसं फेटे बांधून मांडवाच्या तोंडाशी उभी होती. मी जाऊन म्हणाले, "कुंदनशेठ, काल मी चुकीचं बोलले. फुलं आजींमुळे गेली नाहीत. माझ्यामुळे गेली. आंब्यांजवळ ठेवायची नसतात. त्यांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ही नवरीच्या बैठकीची फुलं त्यांनीच वाचवलीत. आणि हे मला काल पाच वाजल्यापासून माहीत होतं."

शेवटचं वाक्य गिळायचा मोह झाला होता. फार झाला होता.

कुंदनशेठचा चेहरा उतरला. "आज सांगताय, ताई?" एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हिरामणशेठने मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी शोधायला लागले.

खालच्या खोलीचं दार उघडं होतं, आत रंजिताचा मेकअप चालला होता. तिने सगळं ऐकलं होतं. ती उठली. स्वयंपाकघरात गेली आणि आदल्या रात्रीच्या हळदीची वाटी घेऊन आली, तळाला दोन बोटं उरलेली. हिरवा शालू गुडघ्यापर्यंत उचलून ती जिना चढायला लागली. मागून मेकअपवाली किंचाळत होती, "मॅडम, बेस खराब होईल! फोटो आहेत!" गेटावर बँड वाजत होता, नवरदेव घोड्यावर, कुंदनशेठचा फोन सारखा वाजत होता. आणि स्वयंपाकघराच्या दारातून बायजाबाईने, कोणी न सांगता, आदल्या रात्री आजीसाठी रोखून धरलेलं गाणं सुरू केलं.

मी वर गेले नाही. माझा तिथे जाण्याचा हक्क नव्हता. पाच मिनिटांनी दोघी एकदम खाली उतरल्या. रंजिताच्या दोन्ही गालांवर पिवळे धम्मक पंजे उठले होते, आणि एक हात शालूच्या खांद्यावर. पुतळाबाईंचे डोळे कोरडे होते. रंजिता मात्र हमसून हमसून रडत होती आणि हसत होती. कुंदनशेठ आईसमोर येऊन उभा राहिला. वाकला. म्हातारी म्हणाली, "माजे पाया मंग पर. वरात भायेर उबी हाय." आणि तशाच पिवळ्या गालांनी रंजिताचं लग्न लागलं.

जेवताना माझ्याशी कोणी बोललं नाही. वाईटही वागलं नाही कोणी. आमरस वाढला, आग्रह केला. हिरामणशेठ मात्र माझी पंगत आली तेव्हा उठून गेले. पार्थच्या लग्नाचं काय ते मला कळलं.

वऱ्हाड गेल्यावर मी आणि सगुणाबाईने मांडव उतरवायला घेतला. तारा सोडवताना फोन पाहिला तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. महाप्याच्या मॅडमचा साडेपाचचा मिस्ड कॉल. सहाची मुदत टळून गेली होती. मी वेंधळ्यासारखी फोनकडे बघत राहिले. हातात ना ऑर्डर, ना नोकरी. अश्विनला काय सांगू? सिंपल आहे?

पुतळाबाई खाली आली. पायरीवर बसली आणि आम्ही काढून टाकलेल्या ढिगातली बरी फुलं वेचून वेगळी ठेवायला लागली. चांगली उजवीकडे, मेलेली डावीकडे. मी भराभर तारा गुंडाळत होते, लवकर आटपून त्या घरातून निघायचं होतं.

"उद्या कनचे घरी लगीन हाय तुजा?" तिने मान वर न करता विचारलं.

"कोणाच्याच नाही, आजी."

"परवा?"

"परवाही नाही."

तिने डाव्या हाताने फुलांचा ढीग बाजूला सारला आणि पायरीवर आपल्या शेजारी जागा केली.

"मंग घाई कसली हाय? बस."

मी बसले.